पुस्तकाला लागलेला पाय

काल वाचनालयात एका लहान मुलीचा पाय खाली पडलेल्या पुस्तकाला लागला. तिने चटकन वाकून पुस्तकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. माझा जुना राग पुन्हा जागा झाला.

आठव्या वर्षी, परदेशातल्या शाळेत, मीही असाच नमस्कार केला होता. "अरे, ही पुस्तकाच्या पाया पडते!" मुलं ओरडली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या पायांखाली मुद्दाम पुस्तकं सरकवू लागली. "चल, पड ना पाया!" मी दर वेळी वाकायचे. वर्गाच्या बाईही टेबलामागे बसून हसायच्या. मुलांचं एक वेळ सोडून देता येतं. बाईंचं ते हसणं मी आजही माफ केलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी वाकले नाही. पुस्तकावर पाय तसाच दाबून बसून राहिले. मुलांचा खेळ तिथेच संपला.

महिनाअखेरीला बाई आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी आता छान रुळली हं." आईने आनंदाने घरी येऊन शिरा केला. तो नमस्कार मला तिनेच शिकवला होता. गेल्या महिन्यात आई गेली. तो शिरा कशाबद्दलचा होता, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.