हरेशने अडवलेला पोर्ट

खारबावच्या हरेशला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. माझा मित्र आहे, म्हणूनच सांगितलं.

आम्ही दोघे नारपोलीत गुलाम हुसेन सेठच्या कारखान्यात. कुठल्या लूमवर किती मीटर कापड निघालं, ते दर शिफ्टला हरेश फळ्यावर लिहायचा. कारीगर त्याच्याभोवती जमायचे, सेठही त्यालाच विचारायचे. मग ऑफिसात वैशाली आली. तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जावास्क्रिप्टमध्ये छोटासा सर्व्हर बनवला. कारखान्याच्या वायफायवर मोबाईलमध्ये पत्ता टाकला की सगळे आकडे समोर. फळ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

हरेशचा नुसता जळफळाट. "त्यात काय हाय एवढं? मी पन करीन," म्हणाला. आणि खरंच, व्हिडिओ बघून बघून नोड, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर बनवायचं तंत्र, शिकला पठ्ठ्या! तिच्या पानावर नुसते लूमचे नंबर होते. याच्या पानावर कारीगरांची नावं आणि बंद लूमपुढे लाल खूण. हे बघून सेठनी सगळ्यांसमोर आपलं नाव घ्यावं, वैशालीचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

पण सेठच्या मोबाईलमध्ये पत्ता होता वैशालीच्या पानाचा, आणि एका कॉम्प्युटरच्या एका पोर्टवर, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या नंबरवर, एका वेळी एकच सर्व्हर बसतो. म्हणून हरेश सकाळी तिच्याआधी आला आणि ऑफिसच्या त्याच कॉम्प्युटरवर, त्याच पोर्टवर आपला सर्व्हर चालू करून मोकळा झाला. वैशालीचा काही सुरू होईना. ती बिचारी एरर वाचत बसली, आणि हा शेजारी मजेत चहा पीत होता.

कापडाच्या ताक्यावर स्वतःची निशाणी करायला विसरलेल्या कारीगराला हरेश काय काय बोलतो, ते मी ऐकलंय. त्याच शहाण्याने आपल्या पानावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

सेठ मोबाईल बघतच आत आले. "वाह वैशाली! आज तो कमाल केलीस. नावं पण टाकलीस, बंद लूम पण कळतात!"

"सेठ, हे मी नाही केलं. माझा सर्व्हर सकाळपासून चालूच होत नाहीये."

"अरे, शरमाती क्यूं है?" सेठ हसले.

हरेशने तोंड उघडलं. पान माझं म्हणावं, तर तिचा सर्व्हर कुणी अडवला तेही सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं.

सेठ त्याच्याकडे वळले. "हरेश, तू पण शिकून घे जरा हिच्याकडून."

"हो सेठ," हरेश म्हणाला.