आईने जाळलेले फोटो

धाकट्या बहिणीचे लहानपण खोकण्यात आणि सीटी स्कॅनच्या यंत्रात गेले. रत्नागिरीत स्कॅन काढला की चिपळूणचा डॉक्टर तो खिडकीकडे धरून नाक मुरडायचा. कोल्हापूरचा तर पाकीटही न उघडता म्हणायचा, "आमच्याकडे नवा काढा." बाबांना ते पटायचे. फोटो काढला म्हणजे डॉक्टरने पोरीकडे लक्ष दिले, अशी त्यांची समजूत. त्या यंत्रातून तिच्या अंगात किरण किती गेले, हे ना कोणी सांगितले ना आम्ही विचारले.

ती बरी झाली की आई सगळे फोटो आणि कागद मागीलदारी पाणी तापवायच्या चुलीत घालायची. घाण वास सुटायचा. मी कुरकुर केली की म्हणायची, "दुखन्याचे कागद घरात ठेवू नयेत गो. दुखना परत वाट काढता." आमच्या वाडीत घरोघरी हेच चालायचे, त्यामुळे तिला वेडी तरी कोण म्हणणार?

गेल्या वर्षी, बहिणीचे लग्न ठरत असतानाच, तिच्या फुफ्फुसावर डाग दिसला. रत्नागिरीतल्या नव्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "जुन्या फोटोत हाच डाग एवढाच असेल, तर काही करायला नको. नाहीतर तो वाढतोय का ते बघायला पुन्हा पुन्हा स्कॅन काढावे लागतील. लहानपणी किती झालेत?"

बाबा दवाखाने आठवू लागले, आई देवाला घातलेली गाऱ्हाणी. दोघांचा मेळ बसेना. बहीण म्हणाली, "मी हलले की लगेच परत काढायचे, ते धरलेत का?" कोणीच धरले नव्हते. मी तिन्ही गावांत फोन केले. इतके जुने आम्ही ठेवत नाही, असे सगळीकडून थंडपणे सांगण्यात आले. माझे डोकेच फिरले. पोरीच्या अंगात काय काय गेले, याची नोंद जगात कुठेच नसावी?

आणखी किरण नकोत आणि कॅन्सरची टांगती तलवारही नको, म्हणून बहिणीनेच ऑपरेशनला होकार दिला. फुफ्फुसाचा तुकडा काढला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, लहानपणचा भरून आलेला व्रण होता. आईने खाटेपाशीच हात जोडले आणि रडत म्हणाली, "देवान राखला गो बाय तुला."

बहिणीला बोलतानाही धाप लागत होती. ती म्हणाली, "आये, तो डाग पयल्यापास्नाच होता."

आईचे जोडलेले हात सुटले. ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना.