पद्माकर कांबळे आणि मिशीवाल्याची जोडी

पद्माकर कांबळेचे कान हे एक प्रकरणच होतं. सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात तो हार्ड डिस्क तपासायच्या कामावर होता. मशीन ‘पास’ म्हणायचं, हिरवा दिवा लागायचा, आणि पद्माकर ती डिस्क कानाशी धरून शांतपणे सांगायचा, “ही महिन्याभरात मरणार.” आणि ती मरायची. त्यामुळं लाइनवर त्याला मान होता, आणि लोक जरा अंतरही राखून असायचे. उद्या आपल्याच छातीला कान लावून हा बाबा काहीतरी बोलून बसला म्हणजे? गडहिंग्लजच्या शाळेत मास्तरांनी हे कान इतक्या वेळा पिळले होते, की त्यातून काहीतरी निघणं भागच होतं.

राहायला तो सेम्बावांगला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या दोघांच्या मधल्या खिळ्याला दुर्बीण. बायको साधना म्हणायची, “यांना फुलं शिळी चालतील, पण दुर्बिणीवर धूळ चालायची नाही.”

पक्षी बघायची त्याची एक शिस्त होती. पुस्तक पिशवीच्या तळाशी असायचं. पक्षी दिसला की आधी वहीत लिहायचं, मराठीत, जसं सुचेल तसं, आणि मगच पुस्तक उघडायचं. “आधी पुस्तक उघडलं की डोळे पुस्तकातलंच बघतात,” असं त्याचं म्हणणं. त्यामुळं वहीत पक्षी कमी आणि गडहिंग्लज जास्त सापडायचं. ‘चाल : लग्नात न बोलावलेल्या पाहुण्याची.’ ‘डोकं : तलाठ्यासारखं तेल चोपडलेलं.’ आणि गंमत म्हणजे त्यावरून ओळख चुकायची नाही.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, घरापासून वीस मिनिटांवर, खाडीच्या कडेच्या एका सोडून दिलेल्या बागेत त्यानं तो आवाज ऐकला. जुनी रबराची झाडं, रानटी झालेली रामबुतानची फळझाडं, खाली गुडघाभर पाला. उंचावरून तांब्यानं पाणी ओतावं तसा तो आवाज भरून आला, आणि धार तुटायच्या आत दुसऱ्या फांदीवरून दुसऱ्या गळ्यानं ती उचलली. पद्माकर होता तिथंच खाली बसला. मुंग्या पँटीत शिरल्या, तरी हलला नाही. पाऊण तासानं पक्षी दिसले, दोन. त्यानं लिहिलं : ‘मैनेपेक्षा थोराड. डोकं वाळल्या कडब्याच्या रंगाचं. डोळ्यातून काळी रेघ, चोचीपासून खाली दुसरी, म्हणजे मिशी, आमच्या फौजदाराची. गळा पांढरा. पाठीवर बारीक रेघा. एक गातो तेव्हा दुसरा थांबत नाही, साथ देतो.’

मग पुस्तक काढलं. बुलबुलांच्या पानावर तो होता, कडब्याच्या डोक्याचा आणि फौजदाराच्या मिशीचा. मलय लोक त्याला बराउ-बराउ म्हणतात. चित्राखाली लिहिलं होतं, की याच्या गळ्यापायी माणसं याला पकडतात आणि पिंजऱ्यात घालतात. शेजारच्या देशांतली रानंच्या रानं याच्यावाचून मुकी झाली आहेत. पद्माकरनं ते दोनदा वाचलं आणि मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. तरी तो घरी दुसऱ्याच वाटेनं गेला.

त्या दिवसापासून ती बाग त्यानं जिभेवर येऊ दिली नाही. पक्षी बघणाऱ्या ओळखीच्यांना नाही, साधनालासुद्धा नाही.

“कुठं जाताय?”

“इथंच, बाजूला.”

“त्या बाजूवालीचं नाव काय?” साधना विचारायची. हा हसायचा. पायात बाभळीचा काटा असावा तसं ते गुपित तो जपून टाकलेल्या पावलानं वागवत होता.

पण कान असलेल्या माणसाला एक रोग असतो. आपण ऐकलं ते दुसऱ्या कुणीतरी ऐकावं, असं त्याला वाटत राहतं. एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी त्यानं मोबाइल पुढं धरून ती जोडी टिपली. पन्नास सेकंद.

पुढच्या आठवड्यात टॅम्पिनीसला एका हॉलमध्ये भीमजयंतीचा कार्यक्रम होता. चाळीसेक कुटुंबं, भाषणं, मग पुरीभाजी. तिथं त्याला उल्हासनं गाठलं. उल्हास आजऱ्याकडचा, म्हणजे गावावरून हाकेच्या अंतरावरचा. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मॅनेजर, राहायला कॉन्डोत, म्हणजे इथल्या श्रीमंती संकुलात. माणूस दिलदार, फक्त तोंडात तीळ भिजत नसे.

“काय पद्माभाऊ, यंदा कुठला कावळा शोधलास?”

आता हसून सोडून द्यायचं. पण नाही. पद्माकरनं त्याला खांबाच्या आड नेलं आणि मोबाइल त्याच्या कानाला लावला. उल्हासचा घास तोंडातच राहिला.

“आयला! हे काय आहे रे?”

“आहे एक.”

“दे की राव. ब्लूटूथ चालू कर.”

“देतो, पण कुठलं ते विचारायचं नाही.”

“मला काय करायचंय विचारून? आपलाच माणूस ना मी?”

पिंजरेवाल्या परक्या माणसाला पद्माकरनं पाण्याचा थेंब दिला नसता. पण ‘आपला माणूस’ म्हटल्यावर चार हजार किलोमीटरवर मराठी माणसाचं काय होतं, ते काय सांगावं! आणि आवाजाला कुठं पत्ता असतो? पन्नास सेकंदांचा तो आवाज एका मोबाइलमधून दुसऱ्यात गेला.

उल्हासनं त्याचा रिंगटोन केला.

आठवड्यानं त्याचा खुशीत फोन आला, “पद्माभाऊ, हिट आहे तुझं पाखरू! ऑफिसात सगळे मागायला लागलेत.” पद्माकरला अंगावर काटा आल्यासारखं झालं, पण स्तुतीही होती, म्हणून तो काटा त्यानं खाली दाबला.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो कामावरून परतत होता. यिशून स्टेशनला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बरीच रिकामी झाली, आणि डब्यात मिशीवाला गायला लागला. समोर टोपी घातलेला एक साठीचा माणूस बसला होता, मांडीवर कापडानं झाकलेला पिंजरा. आवाज त्याच्या खिशातून येत होता. फोन असेल, उचलेल, असं पद्माकरला वाटलं. माणसानं मोबाइल काढला, पण उचलला नाही. गाणं संपलं. त्यानं एक बटण दाबलं. गाणं पुन्हा सुरू. फोन आलाच नव्हता. तो ऐकत होता. तिसऱ्या खेपेला त्यानं मोबाइल कानाला चिकटवला, डोळे मिटले आणि मान किंचित वाकडी केली, पद्माकर डिस्कला कान लावताना करतो अगदी तशी. कापडाखालचा पक्षी चिडीचूप.

सेम्बावांगला पद्माकर उतरला. तोही उतरला.

घरी येऊन पद्माकरनं बूटही न काढता ते रेकॉर्डिंग लावलं. नऊ वर्षांची लेक एकता टेबलावर गणितं सोडवत होती.

“पप्पा, दॅट वन शिपयार्ड लाह,” ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“काय?”

“हॉर्न. बर्डच्या मागे. आमच्या स्कूलमध्ये पण ऐकू येतो, साडेसातला.”

पद्माकरनं पुन्हा लावलं. पस्तिसाव्या सेकंदाला, गाण्याच्या ऐन भरात, मागं गोदीचा भोंगा होता. लांबलचक, स्पष्ट, पोरीलासुद्धा कळेल असा. भोंगा लांबून, पाण्याची खळखळ जवळून. ज्यानं सेम्बावांगचा किनारा पायाखाली घातलाय त्याला आणखी काय हवं? आणि मरणाऱ्या डिस्कची धडधड ऐकणाऱ्या या कानांनी ते शंभरदा ऐकूनही ऐकलं नव्हतं. त्यांना फक्त पाखरू हवं होतं.

त्यानं उल्हासला फोन लावला.

“उल्हास, किती जणांना दिलंस ते?”

“आता कोण मोजत बसलंय! एक पिंजरेवाला तर फार खूश झाला बघ, आमच्या कॉन्डोखालच्या कॉफीशॉपमध्ये बसतो. विचारत होता कुठलं. मी म्हटलं, मला नाही माहीत. दिलेला शब्द पाळला!”

“आणखी काय म्हटलंस?”

“काही नाही. टिपणारा आमचा दोस्त सेम्बावांगला राहतो, एवढंच.”

पद्माकरनं फोन ठेवला. साधनानं विचारलं, “काय झालं हो? तोंड असं का?” तेव्हा पहिल्यांदाच त्यानं तिला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, “उद्यापासून लवकर उठा.” आणि सहाला डबा भरून द्यायला लागली.

पहिले तीन दिवस जोडी होती, गात होती. चौथ्या दिवशी वाटेवरचा पाला दाबलेला दिसला. पाचव्या दिवशी एका फांदीची पानं कुणीतरी खुडली होती, समोरचं मोकळं दिसावं म्हणून. माणूस मात्र नाही.

सहाव्या दिवशी, सातला अजून दहा मिनिटं असताना, अर्धवट उजेडात तो बागेपाशी पोचला तर गाणं सुरूच होतं. रोजच्यापेक्षा जवळ आणि रोजच्यापेक्षा मोठं. पद्माकरचा जीव भांड्यात पडला. तो झाडाला टेकून उभा राहिला, डोळे मिटले. भरून आलेला सूर, साथ, पुन्हा सूर. आणि मग मागं भोंगा वाजला.

साडेसातचा भोंगा, सातच्या आत.

त्यानं डोळे उघडले. दहा पावलांवर झुडपात काळा स्पीकर होता. त्याच्या पुढं दोन बांबूंच्या मध्ये धुक्यासारखं काहीतरी ताणलेलं होतं. दवाचे थेंब हवेत लटकलेले दिसले म्हणून ते जाळं आहे हे कळलं. आणि खाडीच्या बाजूनं खरी जोडी उत्तर देत होती. आपल्या बागेत हे परकं कोण घुसलं, म्हणून रागारागानं गात ती जवळ येत होती. रबराच्या झाडावर, मग रामबुतानवर, मग आणखी खाली. परकं कोणी नव्हतं. त्यांना त्यांचाच आवाज भांडायला बोलावत होता.

या तीन महिन्यांत नव्हे, उभ्या आयुष्यात पद्माकर पाखरांपुढं मोठ्यानं खोकलासुद्धा नव्हता. त्यानं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, पोहे पाल्यात ओतले आणि चमच्यानं डबा बडवत तो धावला.

“हाऽऽ! हुर्रऽऽ! हाऽऽ!”

शाळूच्या रानात माळ्यावर उभं राहून कणसांवरची पाखरं हाकलतात, तसा तो ओरडत होता. मिशीवाल्यांचं गाणं मध्येच तुटलं. दोन सावल्या उलट फिरल्या आणि खाडीपलीकडं दिसेनाशा झाल्या. स्पीकर गातच राहिला.

झाडामागून टोपीवाला सावकाश बाहेर आला. त्यानं स्पीकर बंद केला. तो चिडला नाही, तेच पद्माकरला आवडलं नाही.

“मॉर्निंग, बॉस,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंग तुमचं ना? व्हेरी गुड रेकॉर्डिंग.”

पद्माकरनं त्याच दिवशी सरकारी कार्यालयात फोन केला. दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी आले, सापडलं तेवढं जाळं कापून घेऊन गेले, सूचनेची पाटी लावून गेले. कामात कसूर नाही. पण त्यांना तिथं माणूस सापडला तो वाटेवरच्या बाकावर, उकडलेलं अंडं सोलत, शेजारी वर्तमानपत्र. सकाळी बाकावर बसून अंडं खाणं हा सिंगापुरातसुद्धा गुन्हा नाही. आणि त्या बाकावरून सगळी बाग ऐकू येते.

मग पद्माकरनं स्टीलची थाळी आणि पळी आणली. रोज पावणेसातला तो बागेत जायचा आणि तासभर थाळी बडवायचा, जोडीनं इथं गाऊ नये म्हणून, आपण इथं आहोत हे त्या बाकाला कळवू नये म्हणून. पहाटे पळायला येणारे लोक कानात बोटं घालायचे. भला थोरला कॅमेरा घेऊन आलेल्या एका पक्षीमित्रानं त्याला इंग्रजीत चांगलंच झापलं, “तुमच्यासारख्यांमुळंच पक्षी जातात!” पद्माकर त्याला काय सांगणार? इथं काय आहे म्हणून सांगायचं? त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि तो गृहस्थ वळल्यावर पुन्हा थाळी वाजवली.

टोपीवाला रोज यायचा. अंडं सोलायचा, टरफलं कागदात बांधायचा, पद्माकरला मान लववून नमस्कार करायचा. एकदा म्हणाला, “तुम्ही थकाल, बॉस. मी रिटायर्ड आहे.”

जोडी मुकी झाली. एक आठवडा, दोन, तीन. पद्माकरला हवं होतं तेच घडत होतं, आणि तेच त्याला बोचत होतं. गप्प बसलेली जोडी आणि नसलेली जोडी, दोन्हींचा आवाज एकच. अर्ध्या सुरावरून पक्षी सांगणारा माणूस हे सांगू शकत नव्हता. थाळी थांबवून ऐकावं, तर बाकही ऐकणार.

एके दिवशी साधनानं विचारलं, “आहेत का हो अजून?”

“आहेत.”

“कशावरून?”

“तो येतो त्यावरून.”

म्हणतानाच त्याला कळलं की हे खरं आहे. रोज वळणावर आला की तो आता झाडांकडं बघत नसे, आधी बाकाकडं बघायचा. टोपी दिसली की त्याला हायसं वाटायचं. ज्याचं तोंड बघू नये त्याचंच दर्शन तो देवदर्शनासारखं घ्यायला लागला होता. पकडायचं काही उरलंय, म्हणूनच तर हा बसलाय.

जूनच्या शेवटच्या सोमवारी बाक रिकामा होता.

पद्माकरनं थाळी पिशवीतच ठेवली आणि उभा राहिला. बागेतून मैनांचा कलकलाट आला, कोकीळ ओरडला, खाडीत मासा उसळला. साडेसातला भोंगा झाला. पळणारी एक बाई थांबून म्हणाली, “टुडे नो म्युझिक, आह? गुड लाह!”

“तो टोपीवाला दिसला का? अंडं खाणारा?”

“आला नाही. आजारी असेल,” म्हणून ती पळाली.

मंगळवारी बाक रिकामा. बुधवारीही. गुरुवारी पद्माकरनं कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं आणि बाकाच्या एका टोकाला बसला. दुसरं टोक त्यानं मोकळं ठेवलं आणि वळणाकडं डोळे लावून टोपीवाल्याची वाट बघायला लागला.