क्लेमला कुणी काही द्यायचं नाही

क्लेम हॅडो विनापरवाना ड्रोन उडवून धंदा करतो, असं सरकारी पत्र आलं तेव्हा माझ्या बेकरीत उभा असलेला प्रत्येक जण पोट धरून हसला. धंदा, आणि क्लेम! ज्या माणसाने अख्खा जन्म शाळेची बस चालवली आणि डबा विसरून आलेल्या पोरांना स्वतःचा डबा खाऊ घातला, तो म्हणे धंदेवाईक. मीही हसले. क्लेम तेवढा हसला नाही. त्याने पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "नोरीन, ब्रेडची अर्धी लादी दे. आणि कालची असेल तर कालची दे, मला चालते."

असा हा माणूस. काम नसताना कुणाच्या दारात उभं राहायला त्याला जमतच नाही. बायको, आयव्ही, होती तोवर ती त्याला दंडाला धरून सगळीकडे न्यायची, गप्पा ती मारायची आणि हा शेजारी बसून मान हलवायचा. आयव्ही गेली आणि हा घरात जो बसला तो बसलाच. मी जेवायला बोलावलं, तर म्हणे "आज जरा काम आहे." कसलं काम? डोंबलाचं! परसात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसणं, हे काम. आमचं मुरिला म्हणजे एवढंसं गाव, पुढे कालवांची शेती आणि मागे मेंढरं, पण एवढ्याशा गावातही माणूस दिसेनासा होऊ शकतो.

त्याचा मुलगा रॉस पर्थला असतो. त्याने नाताळला, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, बापाला ड्रोन पाठवला. आम्ही म्हटलं, झालं, आता हे खेळणं कपाटावर धूळ खाणार. पण त्याच उन्हाळ्यात डार्सीच्या मेंढरांनी कुंपण तोडलं आणि सगळी झुडपांत पांगली. डार्सी मोटरसायकलवरून शिव्या देत फिरतोय, मेंढरं काही सापडत नाहीत. क्लेमने कुंपणाशी उभं राहून ते यंत्र वर सोडलं आणि चहा गार व्हायच्या आत सांगितलं, "ओढ्याच्या वळणावर बघ, सगळी एकत्र आहेत." झालं! त्या दिवसापासून क्लेमला उसंत नाही. वादळात कालवांच्या टोपल्या सुटून गेल्या, बोलवा क्लेमला. पन्हळीत पानं अडकली, बोलवा क्लेमला. आणि काम झालं की तो पडद्यावरची चित्रं दाखवायला त्या घरी जाणार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसणार, चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "हे बघ, हे तुझं घर." खरं सांगू? त्याला उडवायची हौस बेताचीच होती. त्याला त्या टेबलाशी बसायचं असायचं.

आता आमच्याकडची एक रीत आहे. कुणी आपलं काम केलं तर ते अंगावर ठेवायचं नाही. तोंडाने आभार मानायचे नाहीत, त्याने आम्हाला अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायरीवर काहीतरी ठेवून यायचं. मच्छीमार असेल तर कालवं, डार्सी असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मटण, आणि ज्याच्याकडे काहीच पिकत नाही त्याने बिअरचा खोका. क्लेम बिअरला हात लावत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. तरी खोका ठेवायचाच, आणि त्यानेही तो घ्यायचाच. परत केला तर तो सरळसरळ अपमान. मग तो खोका क्लेमकडून नळ दुरुस्त करणाऱ्याकडे जायचा, तिथून आणखी कुठे. मला तर दाट शंका आहे, एकच खोका वर्षभर गावात फिरत होता आणि तो कुणी फोडलाच नाही.

या सगळ्यात माशी शिंकली ती शार्लीनमुळे. तिला आईचं घर विकायचं होतं. क्लेमने वरून त्या घराची फिल्म काढून दिली, समुद्र, अंगण, लिंबाचं झाड, सगळं फार सुंदर आलं. शार्लीनने ती विक्रीच्या जाहिरातीत टाकली आणि खाली हौसेने लिहिलं, "छायाचित्रण: क्लेम हॅडो. फी: बिअरचा एक खोका! इतका स्वस्त माणूस शोधून दाखवा!" अगं बाई, थट्टा करायला तुला तेवढीच जागा सापडली? विमानांचा कारभार बघणाऱ्या खात्यात कुणीतरी ते वाचलं. त्यांना आमच्या गावातली थट्टा कशी कळावी? त्यांना दिसलं काम, त्यांना दिसली फी.

चौकशीला ग्रॅनर नावाचा अधिकारी आला. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही बेकरीत खलबत केलं. शार्लीन रडून रडून लाल झालेली. डार्सी म्हणाला, "सोपं आहे. आपण कुणी त्याला कधीच काही दिलेलं नाही. सगळ्यांनी हेच सांगायचं."

"आणि क्लेम?" मी विचारलं.

"त्यानेही हेच सांगायचं. काय गं, एवढं खोटं त्याला जमणार नाही का?"

मी म्हटलं, "त्या माणसाला जेवायचं आमंत्रण टाळायला धड बहाणा सुचत नाही, आणि तू त्याला सरकारपुढे खोटं बोलायला बसवतोस?"

ग्रॅनर माझ्या मनात होता त्यापेक्षा बरा निघाला. मी तोंडावर मारायला चार शब्द तयार ठेवले होते, ते वाया गेले. क्लेमने त्याला बेकरीतच बोलावलं होतं, घरी बिस्किटं नाहीत म्हणून. दोघं खिडकीशी बसले. मी एकच टेबल इतक्या वेळा पुसलं की शेवटी क्लेम म्हणाला, "नोरीन, खुर्ची घे आणि ऐक. उगाच लाकूड झिजवू नकोस."

ग्रॅनर समजुतीने बोलत होता. अगदी दार उघडून धरल्यासारखं त्याने विचारलं, "मिस्टर हॅडो, शेजाऱ्यांनी आनंदाने काही भेट दिली तर तो वेगळा मुद्दा. तुम्ही शार्लीनचं काम केलंत तेव्हा तुमच्या मनात काहीच अपेक्षा नव्हती, असंच ना?"

हो म्हण, मेल्या, हो म्हण! मी मनातल्या मनात ओरडत होते.

क्लेमने बराच विचार केला. मग म्हणाला, "होती की."

"काय होती?"

"अपेक्षा. तिने काहीच ठेवलं नसतं तर मला वाटलं असतं, पोरगी रागावली माझ्यावर. मी झोपलो नसतो."

ग्रॅनरने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय सांगताय ते?"

"कळतंय. पण तिने दिलं ते काहीच नव्हतं, असं मी कसं म्हणू? ती खोका उचलून चढावरून चालत आली होती."

दंड झाला. त्याच्या पेन्शनला चांगलाच चिमटा बसेल एवढा होता. आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं, तर एरवी आवाज न चढवणारा हा माणूस माझ्यावर खेकसला, "म्हणजे तोही मोबदलाच! पुन्हा पकडतील!" आणि गेला, दंड भरून आला. जाताना ग्रॅनरने त्याला दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, धंद्याची रीतसर नोंदणी करायची, एक छोटीशी परीक्षा द्यायची, मग खुशाल घ्या. दुसरी, हौस म्हणून उडवा, पण कुणाकडून काडीही घेऊ नका. परीक्षा सोपी होती, मी स्वतः त्याच्यासाठी चौकशी केली. क्लेम ऐकेना. "मी धंद्याची परीक्षा दिली की डार्सीचं मटण हा माझा पगार झाला. मला नको तसलं मटण." आता यावर काय बोलायचं? अडेलतट्टू, दुसरं काय.

त्याने बेकरीच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: क्लेम पूर्वीसारखाच येईल. क्लेमला कुणी काही द्यायचं नाही.

मला वाटलं, सुटलो. गावाला तर फुकटातच काम. पण इथेच सगळं अडलं. कुणी त्याला बोलावेचना! पायरीवर काही ठेवायचं नाही म्हटल्यावर आमच्या लोकांना तोंड उघडून मागायची लाज वाटायला लागली. कालववाल्यांच्या टोपल्या वाहून गेल्या, त्यांनी बोटी काढून दिवसभर धुंडाळल्या. शिडी लावायचं वय नसलेले लोक शिड्यांवर चढले. डार्सीची मेंढरं पुन्हा पळाली आणि तो पुन्हा मोटरसायकलवर शिव्या देत फिरायला लागला. क्लेम बेकरीत यायचा, ब्रेड घ्यायचा आणि निघता निघता अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "कुणाचं काही हरवलं नाही ना?"

"नाही रे," मी म्हणायची.

"बरं आहे मग," तो म्हणायचा.

मग तो एक दिवसाआड यायला लागला. मग त्याने ब्रेडसाठी शेजारणीला सांगायला सुरुवात केली. परसातली खुर्ची पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसली. सरकारचा दंड त्याने पचवला होता. आमचा दंड त्याला मारणार होता.

मी डार्सीला दुकानात गाठलं आणि फैलावर घेतलं. "तुझी मेंढरं चार दिवस रानात, आणि तू क्लेमला हाक मारत नाहीस? जिभेला काय झालंय?"

"फुकट कसं मागू गं? मी काय भिकारी आहे?"

"तो तिकडे सुकत चाललाय, आणि तुला तुझ्या मानाची पडलीय!"

डार्सी उलट बोलणारा गडी आहे, पण त्या दिवशी त्याने पायातल्या जोड्यांकडे बघत फक्त एवढंच विचारलं, "मग तू का नाही मागत?"

दुसऱ्यांना मी शहाणपण शिकवत बसले होते, आणि वाऱ्याने पन्हळ वाकली तेव्हा मीही शेजारच्या गावातून माणूस आणला होता, पैसे मोजून.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी थंड झाल्यावर मी क्लेमच्या घरी निघाले. निघताना सवयीने हात केकच्या ट्रेकडे गेला. मुद्दाम मागे घेतला. सांगते तुम्हाला, रिकाम्या हातांनी तो चढ चढणं मला जड गेलं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. हातांचं काय करावं तेच कळेना, म्हणून शेवटी एप्रनच्या खिशात कोंबले.

तो परसात होता. मी फाटकातूनच ओरडले, "क्लेम, बेकरीच्या छपराचा पत्रा वाजतोय. बघून दे. आणि ऐक, मी काही देणार नाहीये."

"मी कुठे मागितलं?"

"केक नाही. पाव नाही. चहासुद्धा विचारणार नाही."

"चहासुद्धा नाही?"

"पाण्याचा पेला तेवढा मिळेल, तोही स्वतः भरून घ्यायचा."

तो उठला आणि आत गेला. मी उभी होते ती उभीच, वाटलं, दुखावला बहुतेक. तर हा बाहेर आला तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, ड्रोनची पेटी काखेत मारून.

बेकरीमागच्या मोकळ्या जागेत त्याने ड्रोन वर सोडला. छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला, परत आणला, पुन्हा नेला. मग आम्ही आत येऊन पीठ मळायच्या टेबलाशी बसलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला. एकेक पत्रा मोठा करून बघितला, एकेक खिळा.

"नोरीन," तो म्हणाला, "तुझा एकही पत्रा हललेला नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

क्लेमने पडदा बंद केला नाही. तसाच बसून राहिला, टेबलावरचं पीठ बोटाने एकत्र करत. "त्या ग्रॅनरला विचारायला हवं," तो म्हणाला, "हे असं बसायला मिळणं मोबदल्यात धरतात का." आणि हसला. आयव्ही गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मी तोंड फिरवून भट्टीची राख काढायला लागले, भट्टी विजेवर चालते हे विसरून.

एवढ्यात मागचं दार वाजलं. डार्सी. छपरावर ड्रोन फिरताना त्याने शेतातून पाहिला असणार. दारातच उभा, आत येईना. त्याच्यासारखा धिप्पाड माणूस, आणि कान लालबुंद झालेले. दोन्ही हात रिकामे, अंगापासून लांब धरलेले.

"क्लेम," तो म्हणाला, "माझी मेंढरं सापडत नाहीयेत."

"काही आणलंस का माझ्यासाठी?" क्लेमने विचारलं.

"नाही." डार्सीने मान खाली घातली. "काहीच नाही."

"मग चल," क्लेम म्हणाला आणि उठला.