वेटोळ्यांचे चढ

माझे वडील कळंबला शेतातल्या पंपांच्या मोटारी भरून द्यायचे. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळ्यांनी भरायची. त्यांच्या दुकानात बसून मी अभ्यास केला, आणि आता जर्मनीत जड आयनांना प्रचंड वेगानं पळवणाऱ्या यंत्रासाठी, त्वरकासाठी, शीतकरणाची यंत्रणा बनवते.

‘थंड करतं म्हणजे फ्रीज का?’ बाबांनी एकदा विचारलं होतं.

‘नाही बाबा. आयन धावताना फार चुळबुळ करतात. त्यांच्यासोबत त्याच वेगानं शांत इलेक्ट्रॉन सोडायचे. ती चुळबुळ ते घेतात आणि बाजूला होतात.’

त्या इलेक्ट्रॉनांना सरळ न्यायला चुंबकीय क्षेत्र अगदी सरळ लागतं. माझं मात्र जागोजागी वाकत होतं. चार महिने तेच. सुट्टीत घरी आले तर लॅपटॉपही उघडाच. बाबा शेजारी येऊन बसले. ते क्षेत्र तयार करणाऱ्या चपट्या वेटोळ्यांची पडद्यावरची लांब रांग त्यांनी बराच वेळ पाहिली.

‘तार एका थरातून दुसऱ्यात चढते ना, तिथंच गोम असते. तुह्ये सारे चढ एकाच बाजूले काहून ठेवले? फिरवत जाय ना एकेक.’

चढ मला माहीत होते. त्यांचा परिणाम किरकोळ धरून मी सोडून दिला होता. संध्याकाळपर्यंत हिशेब केला, किरकोळ नव्हता.

परत जाऊन रचना बदलली. इकडे बाबांनी पासपोर्ट काढला. ‘मले एकदा ती मशीन पाहाची आहे,’ असं ते प्रत्येक फोनवर म्हणत. मग हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं.

यंत्र चालू झालं त्या दुपारी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावरच्या आलेखात आयनांच्या वेगांचा पसरट उंचवटा बघता बघता बारीक सुळका झाला; चुळबुळ शमली होती. माझे सहकारी टाळ्या वाजवत होते.

‘ते असू दे. तार दाखव,’ बाबा म्हणाले.

तार लोखंडी कवचाच्या आत होती. मी कॅमेरा फिरवला, तरी रंगवलेल्या पत्र्याशिवाय काहीच दिसेना.

यंदा मी घरी आले तेव्हा चाचणीसाठी बनवलेलं एक वेटोळं परवानगी काढून सोबत आणलं. बाबांनी ते मांडीवर घेतलं आणि कडेनं बोट फिरवत चढ शोधला.

‘सफाई आहे,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘पण मले चालती मशीन पाहाची होती वं.’

परतीला आठ दिवस उरले होते. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.