हत्तीघाटावरच्या कडक भाकऱ्या

आमच्या ओढ्याला नाला म्हणणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. निदान त्याने चहा पाजेपर्यंत तरी नाही. सोलापूरच्या ऐन मध्यातून, दोन पुलांखालून आणि आमच्या परसामागून तो जातो. माझ्या लहानपणी त्याचा रुबाब असा होता, की पाणी बघून कुठल्या चादरी मागावर चढल्यात ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. वरच्या अंगाला सूत रंगवणारे राहायचे. सोमवारी पाणी लाल, मंगळवारी हिरवं, बुधवारी असं निळं की आभाळाने लाजावं. शेजाऱ्यांचं पांढरं कुत्रं एकदा काठावरून घसरलं आणि पलीकडे मोरपंखी होऊन निघालं. शेजाऱ्यांनी ओळख दाखवली नाही, म्हणून ते आमच्याकडे राहिलं. पुढे उन्हाने रंग विटला तेव्हा ते परत मागायला आले, पण आम्ही दिलं नाही. खोटं वाटत असेल तर माझ्या भावाला विचारा. तो नाही म्हणेल, पण त्याला मुळात कुत्रीच आवडत नाहीत.

रंगारी गेले, पण सूत धुवायला त्यांनी बसवलेला काळ्या दगडांचा उतार आमच्या परसामागे तसाच राहिला. त्या उतारावर आमचं घर चालतं. म्हणजे वहिनी चालवते. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे लाड मराठीत आणि भांडण कानडीत. गल्लीतल्या बायका जमवून ती कडक भाकऱ्या करते. मंगळवेढ्याची ज्वारी, पापडाइतकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग त्या तापलेल्या दगडांवर धुतलेलं धोतर अंथरून वाळत घालायची. खालून दगडाची धग, वरून ऊन, आणि दुपारचा वारा आमच्याकडून पलीकडे वाहणारा. त्यामुळे ओढ्याचा वास फ्लॅटवाल्यांना आणि भाकऱ्या आम्हाला, अशी निसर्गानेच वाटणी करून दिलेली. वहिनीची भाकरी मोडली की दोन गल्ल्यांपलीकडची मांजरं दचकतात.

एकदा गच्चीवर वाळवून पाहिलं होतं. तिथे टाकीची सावली, शेजारच्या इमारतीची सावली आणि वर कबुतरं. भाकऱ्या इतक्या वातड झाल्या की त्यातल्या दोन मी चपलेला तळ म्हणून ठोकल्या आणि अख्खा पावसाळा काढला.

अशात गेल्या उन्हाळ्यात ओढ्याचा कायापालट करायची योजना आली. लोकांना दाखवायला सभा भरवली होती. पडद्यावर आमचा ओढा होता म्हणे. निळं पाणी, होड्या, बदकं, सायकलींचा रस्ता, गोल दिवे, आणि काठावर कॉफीचे कप घेऊन फिरणारी गोरी माणसं. एवढं निळं पाणी मी फक्त रंगाऱ्यांच्या काळात पाहिलं होतं, तेही बुधवारी. ही गोरी माणसं कुठल्या गाडीने येणार ते मात्र सांगितलं नाही. कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागली तर निम्मी तिथेच रमतील. पण मला योजना आवडली. ओढा स्वच्छ व्हावा असं कोणाला वाटत नाही? मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

वहिनीने सदरा ओढून मला खाली बसवलं.

"टाळ्या वाजवताय व्हय भावजी? त्या रंगीत छत्र्या बगा की. कुटं हायत त्या?"

मी नीट बघितलं. छत्र्या, त्यांच्याखाली खुर्च्या, वर 'कॅफे' अशी पाटी. आणि खाली आमचा काळा उतार.

"आपल्या दगडांवर दिसतात," मी म्हणालो.

"मग माज्या भाकऱ्या कुटं वाळायच्या? बदकांच्या पाठीवर?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. मी आजवर उत्तराची वाट बघत थांबलेलोच नाही, आधी बोलतो.

पुढच्या आठवड्यात योजनेचं काम पाहणाऱ्या एक पुण्याच्या बाई पाहणीला आल्या. तरुण, हुशार, डोक्यावर एवढी मोठी टोपी की तिच्या सावलीत आमच्या दोन शेळ्या येऊन बसल्या. उतार मोजता मोजता त्या सहज म्हणाल्या, "काका, इथे काही जुनं, ऐतिहासिक असेल तर सांगा हं. तसं काही असलं तर आम्ही ती जागा शक्यतो हलवत नाही."

झालं. माझ्या कानात कोणी तूप सोडलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

"मॅडम," मी आवाज खाली आणत म्हणालो, "तुम्ही हत्तीघाटावर उभ्या आहात."

त्या एकदम बाजूला झाल्या.

"किल्ल्यातले हत्ती रोज सकाळी इथे अंघोळीला यायचे. पुढे नगारा, मागे माहूत. आता तुम्हीच बघा, माणसासाठी घाट बांधला तर पायऱ्या करतात. उतार कोणाला लागतो? हत्तीला!"

हे इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर मलाही पटलं. दगडात एक खळगा आहे, त्यात भाऊ रविवारी मोटारसायकलची साखळी रॉकेलमध्ये भिजत घालतो. तो दाखवून मी सांगितलं, "पुढचा उजवा पाय." बाईंनी त्याचे फोटो काढले. शेळ्यासुद्धा वाकून बघू लागल्या.

घरी येऊन मी वहिनीला म्हणालो, "तुमचा उतार वाचला. चहा टाका." त्या दिवशी चहात वेलदोडा होता.

पावसाळा संपता संपता नवा आराखडा आला. छत्र्या गेल्या होत्या. माझा शब्द खरा ठरला होता. जरा जास्तच खरा ठरला होता. चित्रात उताराच्या मधोमध दुमजली उंचीचा सिमेंटचा हत्ती उभा होता, आणि त्याच्या वर केलेल्या सोंडेतून दिवसभर पाण्याचं कारंजं उडत होतं. ते पाणी पडत होतं बरोबर वहिनीच्या दगडांवर.

वहिनी बराच वेळ कानडीत बोलत होती. त्यातला 'आने' हा एकच शब्द मला कळला. आने म्हणजे हत्ती, आणि ज्या सुरात तिने तो उच्चारला त्यावरून तो हत्ती मीच होतो. मग माझ्या सोयीसाठी ती मराठीत आली.

"कॅफे तरी कोरडा व्हता भावजी! आता हत्तीला अंगोळ घालणार, ती बी माज्या भाकऱ्यांवर!"

थापायला येणाऱ्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा न मागताच बाहेर पडलो. त्यांचं चुकत नव्हतं. गड्ड्याची यात्रा जवळ येत होती. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी तेव्हाची. आणि पुढच्या वर्षी उतारावर पाणी उडायला लागलं तर तवेच पालथे घालायचे होते.

सूचना आणि हरकती ऐकायला परत सभा भरली. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. वहिनी आणि तिच्या बायका मागे, मांडीवर फडक्याने झाकलेल्या दुरड्या घेऊन. व्यासपीठावर मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी पुण्याच्या बाई.

"या, काका," साहेब हसून म्हणाले, "हत्तीघाटाची माहिती तुम्हीच दिलीत ना? या योजनेचा मुकुटमणी आहे तो!"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि मला माझी अडचण स्वच्छ दिसली. हत्ती नव्हता म्हणालो तर उतार साधा ठरतो आणि छत्र्या परत येतात. हत्ती होता म्हणालो तर भाकऱ्या भिजतात.

"साहेब, हत्ती होते," मी सुरुवात केली. "पण पाणी उडवणारे नव्हते. आमच्याकडचे हत्ती शिस्तीचे."

लोक हसले.

"मग घाटावर येऊन करायचे काय?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या गल्लीत अजून लोक तो क्षण सांगतात.

"भाकरी खायाचे!" मागून आवाज आला.

वहिनी उभी होती. सभेत बोलायची तिची ही पहिलीच वेळ, पण आवाज असा की पंखा थबकला.

"अंगोळीला कशाला येतील? ह्या पाण्यात हत्ती उतरला असता तर लाल होऊन भाईर आला असता. ह्यांच्या कुत्र्याचं काय झालं, विचारा की! हत्ती यायाचे भाकरी खायाला. मऊ भाकरी हत्तीला चालत न्हाय साहेब, टाळूला चिकटती. मग माहुताला हात घालून काढावी लागती. म्हणून कडक. आन कडक करायला हे दगड. सकाळी थापायच्या, दुपारी वाळायच्या, सांजच्याला हत्ती हजर. ज्वारी मंगळवेढ्याचीच लागायची, दुसरी सोंडेला लावत न्हवते."

मी खाली बसलो. एखाद्याने तंबोरा जुळवून ठेवावा आणि दुसऱ्याने येऊन मैफल मारावी, तसं झालं होतं.

बायकांनी दुरड्या उघडल्या. भाकरीचा तुकडा आणि त्यावर शेंगाची चटणी, असं पहिल्या रांगेपासून व्यासपीठापर्यंत वाटत गेल्या. आणि मग सभागृहात तो आवाज सुरू झाला. आधी एक कुर्र, मग दहा, मग असा कडकडाट की बाहेरचा पहारेकरी पत्रा उडाला समजून आत धावला.

"ऐका," वहिनी म्हणाली. "पाणी पडलं की हा आवाज जातो. मग तुमचा हत्ती ऱ्हाईल, पण तो कशाला येत व्हता ते कुनाला दावता येनार न्हाय."

साहेबांच्या तोंडात तुकडा होता. कडक भाकरी तोंडात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, नुसती मान हलवता येते, आणि चावताना ती वरखालीच हलते. बाईंनी ती मान बघितली आणि भराभर काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या गालाला चटणी लागली होती.

तिसऱ्या आराखड्यात हत्ती पुलापलीकडे गेला. सोंड खाली, तोंडाकडे वळवलेली, पाणी बंद. आमचा उतार जसाच्या तसा, त्यावर नाव 'वाळवणाचा घाट', आणि बाजूला भाकरी विकायला एक ओटा. होड्या अजून आलेल्या नाहीत, पण येतील. मी तर एकीचं नावसुद्धा ठरवून ठेवलंय. वरच्या पुलापाशी जाळी बसली, कचरा निघाला, आणि परवा मला ओढ्याचा तळ दिसला. तळाशी माझी जुनी चप्पल होती. भाकरीचा तळ शाबूत होता.

हल्ली कॉलेजातली मुलं-मुली हत्तीघाट बघायला येतात. परवा मी खळग्यापाशी उभा राहून सुरुवात करणार, तेवढ्यात वहिनी भाकऱ्या उलटवत सांगत होती, की एका हत्तिणीचं पिल्लू असायचं, आणि ते भाकरीला तोंड न लावता नुसती चटणीच मागायचं.

मुलं गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, पिल्लू मी कधीच सांगितलं नव्हतं."

"तुमचा हत्ती उपाशी व्हता भावजी," ती म्हणाली. "त्येला मी जेवू घातलं. आता तो माजा हाय. तुमी धोतराचं ते टोक धरा, वारा सुटलाय."

मी टोक धरलं.