तात्याकडं पाठवा

नव्वदच्या दशकात इंदापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत युनिक्स ही संगणकप्रणाली बसवायला मी बारामतीहून एसटीनं जायचो. तीन खोल्यांतली मशीनं केबलनं जोडायची आणि सगळ्यांचं एकाच प्रिंटरवर छापायचं, एवढंच काम. पण तेव्हा मला वाटायचं, दोन्ही तालुक्यांत माझ्याएवढं शहाणं कुणी नाही.

प्रिंटर टायपिस्टच्या खोलीत ठेवायचं ठरलं. टायपिस्ट म्हणजे तात्या. कळस गावचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. पत्र कुठलंही असो, कचेरीत एकच वाक्य ऐकू यायचं, "तात्याकडं पाठवा." युनिक्समध्ये प्रिंटरला नाव द्यावं लागतं. मी मोठ्या हौसेनं तेच दिलं, तात्या. कुणाला काही शिकवावंच लागलं नाही. सगळे हसले. तात्याही हसले. "मशीन माजं नाव लावतंय व्हय!" म्हणाले आणि त्यांनी मला चहा पाजला.

महिनाभरानं दुरुस्तीला गेलो, तर टाइपरायटरवर कापड झाकलेलं. तात्या प्रिंटरमधून आलेल्या कागदांच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडत बसले होते.

"काय तात्या, काम हलकं झालं की नाही?" मी विचारलं.

"झालं की. पर आदी कागूद घिऊन माणूस यायचा, दोन शब्द बोलायचा. आता निस्ता कागूदच येतोय. दिसभर हितं कुणी फिरकत न्हाय."

"होईल सवय," मी म्हणालो. आज लाज वाटते. केबल थोडी लांबवून प्रिंटर आणि तात्यांचं टेबल मोठ्या खोलीत नेलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं? मनात आलंही होतं. पण बारामतीची गाडी चुकेल म्हणून निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या झोपेतच गेले. काही दिवसांनी हेडक्लार्कचा फोन आला. "तेवढं नाव बदला सायेब. प्रिंटर अडला की स्क्रीनवर 'तात्या बंद' असं येतं, आन् आमच्या कचेरीतल्या बाई रडाया लागतात."

गेलो. त्यांच्याच खुर्चीत बसलो. युनिक्समध्ये प्रिंटरचं नाव एकदम पुसत नाहीत. आधी त्याच्याकडं नवीन काम येणं थांबवायचं. मग त्याला बंद करायचं. मग नाव काढायचं.

पहिली आज्ञा टाइप केली आणि हात थांबला. ही तर मी वर्षापूर्वीच दिली होती, याच खोलीत, त्यांचा चहा पीत.